‘सिंक’ बटण आणि हलगी

पीएचडीसाठी मी सध्या बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका डीजेची वरातीतली जुनी-नवी रेकॉर्डिंग ऐकतोय. आधी तो दोन गाण्यांचा वेग हाताने जुळवायचा. ठेका जरा घसरायचा, पण हलगीची लचक टिकायची. आता सॉफ्टवेअरचं ‘सिंक’ आहे. हलगीचे ठोके कधीच घड्याळासारखे पडत नाहीत. सिंक मात्र सगळं एका मापात बसवतं. मग ‘सैराट’चं (२०१६) ‘झिंगाट’ असो की दुसरं काही, खाली तोच सरळ किक, वर सायरन. तुम्ही म्हणाल, लोक नाचतात ना? नाचतात, पण सगळे एकसारख्या उड्या मारतात! सफाई वाढली, मान्य. मला जुनं अडखळतं मिक्सिंगच सरस वाटतं. गाणं बदलताना तिथे हलगी क्षणभर एकटीच वाजायची.