प्राप्तिकर नसलेलें राज्य

प्राप्तिकर अजीबात काढून टाकावा आणि त्याची भरपाई विक्रीवरील एका देशव्यापी करानें करावी, हें मत अलीकडे सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येतें. तें मांडणारे लोक अविचारी नसतात. बहुधा ते पगारदार असतात. त्यांचा कर वेतन हातीं पडण्यापूर्वींच कापला गेलेला असतो. आणि त्यांच्याहून चौपट मिळविणारा एखादा शेजारी कागदोपत्रीं त्यांच्याहून गरीब ठरलेला त्यांनीं पाहिलेला असतो. अशा मनुष्याला जर कोणी म्हणालें कीं, ‘मिळकत लपवितां येते, खर्च लपवितां येत नाहीं, तेव्हां कर खर्चावर बसवा, म्हणजे लबाडहि दुकानांत सांपडेल,’ तर तें त्याला पटावें यांत नवल नाहीं. युक्तिवाद सुटसुटीत आहे, व त्याच्या मुळाशीं असलेली चीड न्याय्य आहे. परंतु चीड न्याय्य असली म्हणून तिनें सुचविलेला उपायहि न्याय्य असतोच असें नाहीं. नांदेड-लातूरकडील वाचकांना तर हा उपाय तपासण्यासाठीं परदेशच्या ग्रंथांकडे धांव घेण्याचें कारण नाहीं. प्राप्तिकर नसलेलें राज्य कसें असतें, हें या भागानें स्वतः अनुभविलेलें आहे.

प्रथम या मताचीं दोन व्यवस्थित रूपें पाहूं. पहिलें अमेरिकेंतील. तेथें १९९९ सालीं प्राप्तिकर रद्द करून त्याच्या जागीं शेंकडा २३ चा राष्ट्रीय विक्रीकर बसविण्याचें विधेयक प्रतिनिधिगृहांत आलें. पुढें तें अनेकदां मांडलें गेलें, मंजूर मात्र कधींच झालें नाहीं. त्यांतील २३ चा आंकडा मोठा मासलेवाईक आहे. १०० च्या वस्तूवर ३० कर बसला म्हणजे गिऱ्हाईक १३० देतें, आणि १३० मध्यें ३० म्हणजे शेंकडा २३! आपण दुकानांत ज्या रीतीनें कर मोजतों त्या रीतीनें पाहिलें तर तो कर शेंकडा ३० भरतो. प्राप्तिकराचे दर पहिल्याच रीतीनें मोजले जातात हें खरें. पण गिऱ्हाइकाला जो आंकडा सोसावयाचा तो दुसरा आहे.

दुसरें रूप आपल्या घरचें आहे. मूळचे लातूरचे असलेले श्री. अनिल बोकील यांनीं पुरस्कारिलेली ‘अर्थक्रांति’ची योजना महाराष्ट्रांत बहुतेक वाचकांना नांवानें तरी ठाऊक आहे. आयातीवरील जकात सोडून प्राप्तिकरासह बाकीचे सर्व कर रद्द करावे, बँकेंत जमा होणाऱ्या रकमेवर शेंकडा सुमारें २ एवढाच एक कर घ्यावा, आणि ५० रुपयांहून मोठ्या नोटा चलनांतून काढाव्या, असा तिचा सारांश आहे. ही योजना विक्रीकराची नव्हे. पण ‘तुझी मिळकत किती?’ हा प्रश्न सरकारनें सोडून द्यावा, याविषयीं दोन्ही योजनांचें एकमत आहे. श्री. बोकील यांच्या तळमळीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. करांचें जंजाळ प्रामाणिक माणसाला छळतें, हें त्यांचें निरीक्षणहि खरें आहे. तथापि साधा हिशेब करून पाहावा. ज्या व्यापाऱ्याचा नफा उलाढालीच्या शेंकडा २ आहे, त्याच्या जमेवर शेंकडा २ कर घेतला तर त्याचा सारा नफाच गेला. ज्या व्यावसायिकाचा खर्च थोडा व मिळकत मोठी, त्याला तोच कर सुईच्या टोंचणीएवढाहि लागणार नाहीं. शिवाय लातूरच्या बाजारांतील सोयाबीन अडत्याकडून गिरणीकडे, गिरणीकडून घाऊक व्यापाऱ्याकडे व तेथून किरकोळ दुकानांत जाईल, तों प्रत्येक पायरीवर करावर कर चढत जाईल. हाच दोष काढण्यासाठीं महाराष्ट्रानें १ एप्रिल २००५ पासून जुना विक्रीकर टाकून मूल्यवर्धित कर स्वीकारला होता. ब्राझीलनेंहि बँकव्यवहारांवरील कर कांहीं वर्षें घेऊन २००७ अखेर सोडला. आपल्याकडेहि बँकेंतून रोख रक्कम काढण्यावर २००५ सालीं आलेला लहानसा कर २००९ मध्यें गेला.

आतां आमच्या भागाच्या अनुभवाकडे वळूं. ब्रिटिश हिंदुस्थानांत प्राप्तिकर आला तो १८६० सालीं. हैदराबाद संस्थानांत त्याचा कायदा झाला तो फसली १३५७ मध्यें, म्हणजे १९४७-४८ सालीं, संस्थान अखेरच्या घटका मोजीत असतां. १ एप्रिल १९५० पासून भारताचा प्राप्तिकर येथें लागू झाला. म्हणजे सोलापूरचा वकील पिढ्यान्‌पिढ्या प्राप्तिकर भरीत असतां लातूरचा वकील त्यापासून मुक्त होता. मग राज्याचा खजिना भरत कशानें होता? जमीनमहसुलानें, दारूवरील आबकारीनें, पुढें रेल्वेच्या उत्पन्नानें आणि ‘करोडगिरी’नें. हा शब्द मराठवाड्यांतील वृद्ध मंडळींच्या तोंडीं परवांपरवांपर्यंत होता. संस्थानच्या हद्दींतून आंत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या मालावरील ही जकात. कंपनी सरकारशीं १८०२ सालीं झालेल्या व्यापारी तहानें तिचा दर शेंकडा ५ ठरला होता. १९११ मध्यें बार्शीची छोटी रेल्वे लातूरपर्यंत आली. बार्शी इंग्रजी मुलखांत, लातूर निजामाच्या. तेव्हां बार्शीकडून येणाऱ्या कापडावर व लातुराहून निघणाऱ्या शेतमालावर, दोहोंवरहि करोडगिरीची नजर असे. आणि दोन्ही वेळां तिचा भार कुणब्याच्याच कनवटीवर येत असे: घेतांना महागाईच्या रूपानें, विकतांना पडत्या भावाच्या रूपानें.

आणि या राज्याच्या शिरोभागीं कोण होतें? २२ फेब्रुवारी १९३७ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर ‘टाइम’ साप्ताहिकानें ज्याचें चित्र जगांतील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून छापलें, तो मीर उस्मान अली खान. त्याच्या भोंवतीं पायगादार, जहागिरदार, देशमुख. जगांतला सर्वांत धनाढ्य पुरुष ज्या राज्यांत राहतो तें राज्य मिळकतीवर कर घेत नाहीं, आणि लुगडें विकत घेणाऱ्या मजुरणीकडून मात्र घेतें, हा योगायोग खास नव्हे. ज्यांच्या मिळकती मोठ्या, त्यांच्या हातीं सत्ता. मग मिळकतीचा प्रश्न विचारणार कोण? मराठवाड्याच्या मागासलेपणाचें सारें खापर करपद्धतीवर फोडणें वाजवी होणार नाहीं. पण जें राज्य धनिकाला त्याची ऐपत विचारीत नाहीं, त्याला गरिबाच्या गरजेवर जगावें लागतें, एवढा धडा त्या इतिहासांत स्पष्ट आहे.

कोणी म्हणेल, तो जुना काळ गेला. ठीक, आजचे आंकडे घेऊं. २०२४-२५ मध्यें वस्तु व सेवा कराची एकूण वसुली सुमारें २२ लाख कोटि रुपये झाली. व्यक्तिगत प्राप्तिकराचें उत्पन्न त्याच्या निम्म्याहून थोडें अधिक होतें. प्राप्तिकर काढून ही रक्कम विक्रीवरून उभी करावयाची, तर दर सरासरीनें दीडपटीहून अधिक वाढले पाहिजेत: ५ चे पावणेआठ, १८ चे पावणेअठ्ठावीस. हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा दाखविण्यास पुरेसा आहे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीनें सामान्यतः १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर प्राप्तिकर द्यावा लागत नाहीं. अर्थात् वर्षाला १० लाख मिळविणाऱ्या शिक्षक दांपत्याला प्राप्तिकर गेल्यानें एका कपर्दिकेचाहि लाभ नाहीं. वाढलेल्या विक्रीकराचा बोजा मात्र त्यांच्या प्रत्येक खरेदीवर. जी घरें या सूचनेला आज उत्साहानें मान डोलावतात, त्यांपैकीं बहुतेकांवर ती उलटणार आहे.

मग शेतकऱ्याची गोष्ट तर विचारावयासच नको. शेतीची मिळकत १८८६ च्या कायद्यापासून प्राप्तिकरांतून मुक्त आहे. म्हणून प्राप्तिकर रद्द होण्यानें त्याला सुटका मिळण्यासारखें कांहींच नाहीं. खतावर तो आज शेंकडा ५ कर देतो. व्यापाऱ्याला आपल्या खरेदीवरील कराची वजावट मिळते; नोंदणीच्या बाहेर असलेल्या शेतकऱ्याला ती मिळत नाहीं, आणि तो कर त्याच्या उत्पादनखर्चांत मुरतो. मुलाला वैद्यकीय प्रवेशासाठीं लातुरास ठेवलें, तर मोठ्या शिकवणीवर्गाच्या शुल्कावर शेंकडा १८ कर तोच देतो. ‘देशांत कर भरणारे मूठभर’ ही आपल्या वर्गाची आवडती तक्रार या बापासमोर उच्चारण्याचें धैर्य कोणास होईल?

उलट बाजू पाहावी. नांदेडच्या डॉक्टर लेनमधील वैद्यकीय सेवा आज वस्तु व सेवा करांतून मुक्त आहे, आणि तें योग्यच आहे. डॉक्टर आपला कर मिळकतीवर देतो. तो प्राप्तिकर काढला, तर दोनच मार्ग उरतात. एक तर त्या मोठ्या मिळकतीवर कांहींच घ्यावयाचें नाहीं, किंवा कर डॉक्टरच्या मिळकतीवरून उठवून रोग्याच्या बिलावर बसवावयाचा. नव्या व्यवस्थेचा सारा अर्थ या एका उदाहरणांत सांपडतो.

वर्षाला दीड लाख मिळविणारें मजुराचें कुटुंब तेवढेंहि खर्चून पुन्हां उसनवारी करतें. ३० लाख मिळविणारें कुटुंब १२ लाख खर्चून उरलेले शिल्लक टाकतें. खर्चावर शेंकडा १० कर धरला तर पहिल्याच्या मिळकतीचा दहावा भाग जातो, दुसऱ्याच्या मिळकतीचा शेंकडा ४. यावर प्रतिपक्षाचें उत्तर असें कीं, गरजेच्या वस्तु करमुक्त ठेवा, अथवा अमेरिकन विधेयकांत होतें त्याप्रमाणें प्रत्येक कुटुंबाला दरमहा ठराविक रक्कम परत द्या. परंतु जितक्या वस्तु वगळाल तितका उरलेल्यांवरील दर चढेल. आणि परत द्यावयाच्या रकमेसाठीं आणखी कर लागेल. श्रीमंतांच्या खर्चावरच चढत्या दरानें कर घ्यावा, ही कल्पना निकोलस काल्डोर यांच्या सल्ल्यानें भारतानें करूनहि पाहिली. १९५७ चा तो व्ययकराचा कायदा १९६२ मध्यें मागें घेतला, १९६४ मध्यें पुन्हां आणला आणि १९६६ मध्यें कायमचा सोडला. मनुष्याचा खर्च मोजणें त्याची मिळकत मोजण्याहून सोपें नाहीं, हें तेव्हां कळून चुकलें.

‘खर्च लपवितां येत नाहीं’ या प्रतिज्ञेविषयीं तर काय सांगावें! ‘पक्कें बिल कीं कच्चें?’ हा प्रश्न ज्यानें कधीं ऐकला नाहीं असा गृहस्थ विरळा. आणि ‘कच्चें चालेल’ हें उत्तर देणारांत प्राप्तिकराविरुद्ध तावातावानें बोलणारेहि असतात. दर १८ असतांना जो मोह आवरत नाहीं, तो २८ झाल्यावर आवरेल काय?

तेव्हां पगारदाराच्या मूळ तक्रारीचें काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळतां येणार नाहीं. त्याची तक्रार वस्तुतः प्राप्तिकराविरुद्ध नाहीं, तर तो सर्वांना सारखा लागू होत नाहीं याविरुद्ध आहे. मोठ्या बागाइतदाराच्या उत्पन्नालाहि लहान शेतकऱ्याच्या नांवानें मिळणारी सरसकट सूट, रोखीचा अंधार, पळवाटांनीं भरलेलें करविधान, हे दोष दूर करण्याची मागणी त्यानें हक्कानें करावी. शेतीच्या मिळकतीवर कर बसविण्याचा अधिकार घटनेनें राज्यांकडे ठेविला आहे. मर्यादा नीट आंखून तो वापरण्याचा आग्रह धरावा. पण चुकविणारे सुटतात म्हणून करच नको म्हणणें, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय. आणि येथील संन्यासी कोण, हें लातूरच्या मोंढ्यांत उभ्या असलेल्या कोणत्याहि बैलगाडीवाल्यास विचारावें. सर्व करांत ‘तुझी ऐपत किती?’ असें प्रथम विचारणारा कर हाच मुख्य. तो प्रश्न न विचारणारें राज्य १९४८ पर्यंत मराठवाड्यावर होतें. तें घालविण्यासाठीं ज्यांनीं कष्ट सोसले, त्यांच्या नातवंडांनीं तें केवळ हिशेबाच्या सोयीसाठीं परत बोलावूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.