पाकिटावर नाव कोणाचं?



१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत एक कथा आली. 'कृष्णविवर'. लेखक नारायण विनायक जगताप. पहिला नंबर मिळाला. मग उलगडा झाला, हा जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाबाईंनी उतरून दिलेली. परीक्षकांनी नाव पाहून भुलू नये, कथा वाचावी, एवढाच हेतू.

२०२५ ला नारळीकर गेले तेव्हा ही गोष्ट पुन्हा कौतुकानं सांगितली गेली. कौतुकाचीच आहे. पण गिरणीत डब्याच्या सुटीत वाचताना मले बाबुराव बागुल आठवले. 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. नारळीकरांनी नाव झाकलं ते मोठ्या नावाचा फायदा मिळू नये म्हणून. बागुलांच्या माणसानं जात झाकली ती डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून. झाकणं एकच, पण एका नावाले वजन अन् दुसऱ्या नावाले विटाळ!

मग जिथं नाव झाकूनच कथा तपासली जाते, ती जागा सगळ्यात आधी आपली व्हायला पाहिजे होती. आमच्या अभ्यासवर्गात विचारलं, "राजेहो, कोणी विज्ञानकथा पाठवली काय?" कोणीच नाही. "काऊन?" एक जण बोलला, "ते शास्त्रज्ञांचं काम हाय. आपलं दुःख इतकं खरं, त्यात कल्पना कायले?"

हे उत्तर तपासलं पाहिजे. 'बलुतं' १९७८ साली आलं अन् मराठी साहित्य हादरलं. पण त्यानंतर प्रस्थापितांनी आपल्याला एक कोपरा नेमून दिला. तुम्ही कालची जखम दाखवा, उद्याचं आम्ही लिहितो. अन् आपण तो कोपरा मान्य केला. गावकुसाबाहेर होतोच, आता काळाच्या कुसाबाहेरही बसलो.

कल्पना काय त्यांच्या घरची आहे? रविदासांनी बेगमपुरा वसवला. आपल्या आया दिवाळीले बळीचं राज्य मागतात. १९५८ च्या दलित साहित्य संमेलनात अण्णाभाऊंनी पृथ्वी शेषाच्या डोक्यावरून काढून कष्टकऱ्यांच्या तळहातावर ठेवली. नारळीकरांनीही 'वामन परत न आला' मध्ये यंत्राला वामनाचं नाव दिलं. ती कथा बळीच्या बाजूनं कोण लिहिणार? वामनाचा वंशज?

अन् विज्ञान आपल्या अंगावरच येऊन पडलेलं आहे. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. २०१७ ला यवतमाळात कपाशीवर फवारताना मजूर मेले. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं यान चंद्रावर उतरलं, अन् गटारात तेव्हाही माणूसच उतरत होता. या तीन ओळीत तीन कथा आहेत. लिहा.

हे झालं नाव झाकून आत जायचं दार. दुसरं दार नाव सांगायचं आहे. अमेरिकेत १९५३ पासून ह्यूगो नावाचं विज्ञानकथेचं पारितोषिक आहे. तिथं जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे वाचकच, आधी नावं सुचवतात, मग मत देतात. २०१५ ला एका टोळक्यानं संगनमत करून आपल्याच यादीनं नामांकनं भरून टाकली. वाचक चिडले. पाच विभागांत त्यांनी मत दिलं : 'कोणालाच नाही'. पुढं २०१६, २०१७, २०१८, लागोपाठ तीन वर्षं कादंबरीचं ह्यूगो एन. के. जेमिसिन या काळ्या लेखिकेनं घेतलं. २०१८ लाच बंगालच्या दलित लेखिका मिमी मोंडल यांचं नाव अंतिम यादीत आलं. पुस्तक होतं काळ्या विज्ञानकथालेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांच्यावरचं, दोघींनी मिळून संपादित केलेलं. ही नावं आभाळातून पडली नाहीत. कोणीतरी वाचलं, कोणीतरी कागदावर लिहिलं, तेव्हा ती आली.

काही साथी म्हणतील, बक्षिसानं क्रांती होते काय? नाही होत. बक्षीस म्हणजे मुक्ती नव्हे. पण यादीत नाव नसलं की ग्रंथालयात पुस्तक येत नाही, अन् तिथं चाळणाऱ्या पोरीले वाटते की उद्याच्या जगात आपण नाहीच. ह्यूगोची वर्गणी डॉलरात आहे, आपल्या पगारात बसत नाही, हेही खरं. म्हणून सुरुवात घरून करू. दर महिन्याले अभ्यासवर्गात एक विज्ञानकथा वाचायची, फाडून तपासायची. आपल्यातल्या कोणाची चांगली निघाली तर स्पर्धेले पाठवायची. तो लाजला तर आपण पाठवायची. पुरस्कारासाठी नावं मागवली जातात तिथं त्याचं नाव आपण सुचवायचं.

नाव झाकायचा नियम असेल तर झाका. भ्यायलो म्हणून मात्र झाकू नका.

जय भीम.