हरवलेले नाणे आणि हातातील केरसुणी

संत लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात तीन दृष्टांत एकापाठोपाठ येतात: हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला पुत्र. मेंढपाळाच्या आणि पित्याच्या रूपात परमेश्वर पाहण्याची आपल्याला सवय आहे. मधल्या दृष्टांतातील घर झाडणारी स्त्री मात्र आपल्या भिंतींवर क्वचितच दिसते.

इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिले याने तिला न्याय दिला. डॅल्झिएल बंधूंनी १८५७ मध्ये त्याच्याकडे प्रभूच्या दृष्टांतांवर तीस चित्रे मागितली. त्याने वीसच पूर्ण केली आणि १८६४ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. त्यांपैकी ‘हरवलेले नाणे’ हे एक कृष्णधवल चित्र. अंधारलेले घर, वाकलेली स्त्री, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात केरसुणी. तिच्या मस्तकाभोवती प्रभावलय नाही. सारे लक्ष जमिनीकडे.

याच मिलेने १८५० मध्ये पवित्र कुटुंब सुताराच्या साध्या कामशाळेत रंगविले, तेव्हा चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकानेही त्याच्यावर कठोर टीका केली होती. घरकामातील पावित्र्य दाखविण्याची त्याची जिद्द मात्र टिकून राहिली.

या चित्राचे तंत्रही त्याच्या आशयाला पोषक आहे. चित्रकार लाकडी ठोकळ्यावर रेखाटन करी आणि कोरक रेषांभोवतीचे लाकूड काढून टाकी. उरलेल्या रेषा काळ्या उमटत. जेथून लाकूड निघाले, तेथे कागद पांढरा राही. म्हणजे मेणबत्तीचा हा उजेड मुळात काढून टाकलेल्या लाकडाचा आहे. केर बाजूला सारणाऱ्या त्या स्त्रीचे श्रम आणि कोरकाचे श्रम येथे एकरूप होतात.

एक उणीव मात्र जाणवते. दृष्टांताचा शेवट मैत्रिणी व शेजारणी यांच्यासह साजऱ्या केलेल्या आनंदात आहे. येथे ती स्त्री एकटीच राहते. शोध दिसतो, सोहळा दिसत नाही.

तरीही अंधेरी-बोरिवलीच्या गावठाणांतील आपल्या घरांत, येशूच्या पवित्र हृदयाच्या रंगीत तसबिरीशेजारी, हे निरलंकार चित्र शोभून दिसेल. पहाटे उठून घर झाडणाऱ्या आईच्या श्रमांकडे आपण कामापलीकडे पाहत नाही. प्रभूने मात्र आपल्या पित्याची करुणा सांगताना नेमकी तीच केरसुणी निवडली. ‘घरातले काम’ म्हणून जे आपण सहज बाजूला सारतो, त्यातच परमेश्वर आपल्याला शोधीत असतो, एवढे तरी हे चित्र पाहणाऱ्याला शिकविते.