पडताळ्याची कला

डोनाल्ड क्नुथ यांनी १९६८ साली आपल्या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला, तेव्हा नावातच प्रोग्रॅमिंगला कला म्हटलं होतं. १९७४ मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्यांनी भाषणही त्याच विषयावर केलं. कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आल्यापासून या कलेचं काय झालं, हे समजून घ्यायला लोक कॅलिफोर्नियाकडे किंवा बंगळूरकडे बघतात. आयुष्याची उमेदीची वर्षं याच धंद्यात घालवलेल्या मला त्यासाठी कुंभकोणम अधिक जवळचं वाटतं.

कावेरीकाठचं हे गाव तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखातलं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले टी. माधवराव इथल्याच मराठी घराण्यात १८२८ साली जन्मले. पण माझा विषय आहे इथल्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घरात वाढलेला दुसरा माणूस, श्रीनिवास रामानुजन. कागद परवडत नसे, म्हणून रामानुजन पाटीवर गणित करत, कोपराने पुसत आणि हाती लागलेला निष्कर्ष तेवढा वहीत उतरवत. कसं काढलं ते पाटीवरच पुसलं गेलं. या वह्यांच्या छायाप्रती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. त्यातल्या तीन हजारांहून अधिक निष्कर्षांचा एकेक करून पडताळा घेणारे ब्रूस बर्न्ट यांचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात निघाले. एका तरुणाने काही वर्षांत लिहिलेलं तपासायला पुढच्या पिढ्यांतल्या जाणकारांची आयुष्यं लागली.

लिहिणं आणि तपासणं यांच्या खर्चातली हीच तफावत आज प्रोग्रॅमिंगमध्ये आली आहे. यंत्राला रामानुजनांच्या पंक्तीला बसवण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या वहीतलं बहुतेक सगळं खरं निघालं आणि त्यामागे अफाट मेहनत होती. तरीही १९१३ च्या जानेवारीत केंब्रिजमधले गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूळ संख्यांच्या मोजणीबद्दल त्यांनी केलेला दावा चुकीचा होता. लहान आकड्यांसाठी सूत्र सुरेख जुळायचं, पुढे जाऊन फसायचं. पत्र वाचून थक्क झालेल्या हार्डींनी उत्तरात मागितल्या त्या सिद्धता. थक्क होणं आणि सिद्धता मागणं ही दोन्ही कामं एकाच माणसाने एकाच वेळी केली, हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्या धंद्यात सध्या थक्क होणाऱ्यांचा एक गट आहे, सिद्धता मागणाऱ्यांचा दुसरा, आणि दोघांत बोलणं कमी.

रामानुजनांच्या निष्कर्षांशी प्रोग्रॅमरांचा थेट संबंधही आला आहे. १९१४ च्या निबंधात त्यांनी पाय (π) या संख्येच्या व्यस्तासाठी काही विलक्षण श्रेणी दिल्या. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध श्रेणीच्या प्रत्येक पदागणिक पायचे सुमारे आठ नवे अंक मिळतात. १९८५ मध्ये बिल गॉस्पर यांनी तिच्या आधारे पायचे एक कोटी पंचाहत्तर लाखांवर अंक काढले. गॉस्पर म्हणजे एमआयटीत वाढलेल्या पहिल्या पिढीतले जातिवंत खुडबुडे प्रोग्रॅमर. आणि त्यांनी ती वापरली तेव्हा श्रेणी सिद्धच झालेली नव्हती! जपानमध्ये कानादा यांनी वेगळ्या पद्धतीने काढलेल्या अंकांशी हे अंक जुळले, तेव्हा श्रेणी बरोबर असल्याचा भरभक्कम पुरावा मिळाला. जोनाथन आणि पीटर बोरवाइन या बंधूंनी १९८७ च्या ग्रंथात तिला सिद्धतेचा आधार दिला. अपुऱ्या खात्रीचं सूत्र वापरायला गॉस्पर कचरले नाहीत, पण उत्तर ताडून बघायला त्यांच्याकडे दुसरा स्वतंत्र मार्ग होता. नवी साधनं वापरण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

या साधनांचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आला आणि ओळ अर्धी लिहिली की उरलेली पुढे येऊ लागली. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. २०२५ पासून एजंट सर्रास वापरात आले, जे स्वतःच फायली उघडतात, कोड बदलतात, चाचण्या चालवतात. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत संगणकतज्ज्ञ आंद्रे कारपाथी यांनी कोड न वाचताच प्रोग्रॅम घडवण्याच्या पद्धतीला 'वाइब कोडिंग' हे नाव दिलं. सुट्टीच्या दिवशी करून टाकून द्यायच्या कामांसाठी हे बरं आहे, असं त्यांनी तिथेच म्हटलं होतं. शब्द जगभर पसरला, ही मर्यादा मागे राहिली.

अनुभवी लोकांना या साधनांनी किती फायदा होतो? जुलै २०२५ मध्ये मेटर या संस्थेने प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. १६ मुरलेले प्रोग्रॅमर, त्यांच्या स्वतःच्या ओळखीचे मुक्तस्रोत प्रकल्प आणि २४६ कामं. साधनं वापरली तेव्हा कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना मात्र शेवटीही वाटत होतं की आपण २० टक्के अधिक वेगाने काम केलं. साधनं त्यानंतर पुष्कळ सुधारली आहेत, त्यामुळे १९ या आकड्याला मी धरून बसणार नाही. माझी काळजी आहे ती वाटणं आणि असणं यांतल्या अंतराची. आपण किती वेगाने जातोय हेच ज्या कारागिराला कळेनासं होतं, त्याच्या हातातलं काहीतरी निसटलेलं असतं.

घरगुती खुडबुडीला मात्र या साधनांनी नवं बळ दिलंय, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पंचांगातल्या तिथींवरून कुटुंबाचे वाढदिवस काढणारा छोटा प्रोग्रॅम, जुन्या छायाचित्रांना तारखेनुसार नावं देणारी दहा ओळींची स्क्रिप्ट, सोसायटीच्या पाण्याच्या हिशेबाचा तक्ता अशी कामं वर्षानुवर्षं 'कधीतरी करू' म्हणून पडून असायची. आता ती चहा संपेपर्यंत उभी राहतात. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या जनकांपैकी एक, सायमन विलिसन यांनी अशी असंख्य छोटी साधनं यंत्राकडून लिहून घेऊन लोकांसमोर ठेवली आहेत. यंत्राच्या मदतीने प्रोग्रॅमिंग करणं आणि न वाचता कोड स्वीकारणं यांत फरक करा, असा त्यांचा आग्रह आहे. माझाही आहे.

हा फरक कळतो कसा, याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते मराठीचं आहे आणि रामानुजनांच्या नावातलंच आहे. 'श्रीनिवास' या नावात किती अक्षरं? चार, हे बालवाडीतलं मूलही सांगेल. अक्षरं मोजणारा प्रोग्रॅम यंत्राकडे मागितला आणि त्याने सरळ पायथनमधली लांबी मोजणारी सोय वापरली, तर उत्तर येतं नऊ. कारण युनिकोडच्या लेखी श, हलन्त, र, दीर्घ ईकार, न, ऱ्हस्व इकार, व, काना आणि स हे नऊ वेगवेगळे संकेत आहेत. थोडा जाणकार प्रोग्रॅम दृश्य अक्षरांचे गट मोजतो, तर जुन्या लायब्ररीत उत्तर येतं पाच, कारण ती 'श्री'चे दोन तुकडे करते. देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या या गटवारीत २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. तो पाळणारी लायब्ररी असेल तरच उत्तर चार. तिन्ही प्रोग्रॅम चालतात, तिन्ही दिसायला नीटनेटके असतात आणि एकही लाल अक्षरात त्रुटी दाखवत नाही.

नावांची यादी अकारविल्हे लावायला सांगा, तिथेही हाच प्रकार. नुसत्या संकेतांच्या क्रमाने लावली तर 'ळ' जातो 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये. आपल्या वर्णमालेत त्याची जागा 'ह' नंतर आहे. ज्याने एखादी मराठी सूची स्वतः हाताने लावली असेल, त्याची नजर तिथेच अडकते. बाकीचे यादी छापायला पाठवतात आणि मग ग्रंथालयात वाचकाला हवं ते पान सापडत नाही.

ही नजर येते कुठून? माझं ठाम मत आहे की ती खुडबुडीतूनच येते, दुसरा मार्ग नाही. संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे निव्वळ कोड नव्हे, तो लिहिणाऱ्याच्या डोक्यात तयार झालेली त्या विषयाची उपपत्ती आहे. ती डोक्यात नसलेल्याच्या हाती कोड दिला तर तो त्याला नीट सुधारता येत नाही. कोड फुकटात मिळू लागला, उपपत्ती अजून प्रत्येकाला स्वतःच उभारावी लागते.

गणितज्ञ या बाबतीत आमच्या पुढे गेले आहेत. शास्त्र विद्यापीठाच्या कुंभकोणममधल्याच केंद्रात २००५ पासून रामानुजनांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. रामानुजन बत्तिसाव्या वर्षी गेले, म्हणून वयाची अटही बत्तीस. २००६ चे मानकरी टेरेन्स टाओ यांनी २०२३ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह काढलेली एक नवी सिद्धता लीन या भाषेत उतरवली, तीही सुमारे तीन आठवड्यांत. लीनमध्ये प्रत्येक पायरी संगणक तपासतो. लिहिणारा प्राध्यापक आहे की यंत्र, याने त्याला फरक पडत नाही. २०२५ मध्ये टाओ यांनी गूगल डीपमाइंडच्या अल्फाइव्हॉल्व्हवर सहकाऱ्यांबरोबर काम केलं. हे साधन स्वतः प्रोग्रॅम लिहितं आणि जास्त गुण मिळवणारे टिकवतं. तिथे दिसलं की गुण देणारा तपासनीस प्रोग्रॅम ढिसाळ असेल तर यंत्र गणित सोडवण्याऐवजी त्या ढिसाळपणाचाच फायदा उठवतं. म्हणजे तपासनीस लिहिणं हेच आता कसबाचं काम झालं. आपल्याकडच्या किती अभ्यासक्रमांत ते शिकवलं जातं? चाचण्या लिहिणं हा विषय अजूनही शेवटच्या प्रकरणात, परीक्षेला न येणारा.

विद्यार्थ्यांना ही साधनं वापरू देऊ नयेत, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि त्याचा आधार पुन्हा कुंभकोणमचाच आहे. शाळेत असताना रामानुजनांच्या हाती जॉर्ज कार यांचं पुस्तक पडलं. त्यात हजारो निष्कर्ष होते, सिद्धता बहुतेक नव्हत्या, असल्या तर त्रोटक. तयार उत्तरांच्या त्या पुस्तकाने मुलगा बिघडला नाही, घडला. कारण एकेक निष्कर्ष त्याने पाटीवर स्वतः काढून पाहिला. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये कारसाहेबांच्या पुस्तकाहून कितीतरी मोठा तयार उत्तरांचा साठा आहे. पाटीवरचा तास मात्र आपण वेळापत्रकात ठेवलेला नाही. कोड जमा करून घेणारी प्रयोगवही आता निरुपयोगी झाली आहे. त्याऐवजी यंत्राने लिहिलेला कोड मुलांना द्यावा आणि तो कुठे मोडतो ते शोधून आणायला सांगावं.

कुंभकोणममधल्या मुलांसाठी पहिला प्रश्नही मला ठाऊक आहे. तमिळ लिपीत हलन्ताचा ठिपका दिसतो आणि अक्षरं सहसा जोडली जात नाहीत, म्हणून जोडाक्षराचा तो २०२३ चा नियम तिला लागू केलेला नाही. पण 'क्ष' आणि 'श्री' तिथेही जोडूनच लिहिले जातात. त्यात तमिळ 'श्री' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकदा 'स' पासून आणि एकदा 'श' पासून, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय पुष्कळ लोक तेच नाव 'सीनिवास' असंही लिहितात. गावातल्या शाळेच्या पटावर श्रीनिवास नावाची मुलं किती, हे शोधून देणारा प्रोग्रॅम यंत्राकडून लिहून घ्यायचा, आणि तो कुणाकुणाला वगळतो ती यादी हाताने काढून आणायची.