रजोनिवृत्ती : संज्ञेची मर्यादा आणि उपचाराचा प्रश्न

शास्त्रीय परिभाषेतील शब्द वस्तूचा केवळ निर्देश करीत नाहीत. तिच्याकडे कोणत्या बाजूने पाहावे, हेही ते नकळत ठरवून देतात. 'रजोनिवृत्ती' ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. रायगडच्या किनाऱ्यावरील कष्टकरी स्त्रीच्या आरोग्याचा विचार करताना ती कितपत पुरी पडते, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणात घेतला आहे.

सुश्रुताने रजःस्रावाचा आरंभ बाराव्या वर्षी आणि क्षय पन्नाशीत सांगितला. वाग्भटानेही तीच मर्यादा मानली. संस्कृत ग्रंथांतील 'क्षय', आजच्या परिभाषेतील 'निवृत्ती' आणि बोलीतील 'पाळी जाणे' या तिन्हींतून काय थांबले ते कळते. त्यानंतर काय सुरू होते, ते कळत नाही. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व मात्र त्या सुरू होणाऱ्याचेच आहे. बीजकोशांतील इस्ट्रोजेन घटल्याने अंगातून गरम वाफा निघणे, रात्री घाम सुटणे, झोपमोड, योनिमार्गाची शुष्कता, लघवीच्या तक्रारी हे विकार संभवतात. हाडांची झीज तर पहिल्या काही वर्षांतच वेगाने होते. 'निवृत्ती' म्हटले की विश्रांती सूचित होते. अलिबाग, रेवदंडा किंवा मुरूड येथे मासळीची पाटी डोक्यावर वाहणाऱ्या कोळिणीची पाळी थांबते. पाटी थांबत नाही.

या उपेक्षेच्या उलट टोकाला पाश्चात्त्य वैद्यकातील एक मत आढळते. रॉबर्ट विल्सन या अमेरिकन वैद्याने १९६६ साली 'फेमिनाइन फॉरेव्हर' या पुस्तकात या अवस्थेला न्यूनताजन्य रोग ठरवून इस्ट्रोजेनचा जोरदार पुरस्कार केला. १९७५ साली एकट्या इस्ट्रोजेनचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी संबंध दिसून आला. पुढे १६,६०८ स्त्रियांवरील संयुक्त संप्रेरकांची अमेरिकन चाचणी २००२ साली मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या वाढल्या, अस्थिभंग मात्र घटले. परंतु या निष्कर्षाचे वाचनही एकांगी झाले. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास तीव्र असून अन्य धोका नसल्यास संप्रेरकांचा लाभ सामान्यतः अधिक ठरतो, असे आज मानले जाते. गर्भाशय असलेल्या स्त्रीस इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन द्यावेच लागते. सारांश, औषध सर्वांना तारक नाही, तसेच सर्वांना मारकही नाही.

आपल्याकडे अतिरेकाचे रूप निराळे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली पुढे आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती एकाएकी ओढवते आणि हाडांची हानी अकाली सुरू होते. 'जे थांबायचेच आहे ते काढून टाकण्यात काय बिघडले', हा तर्क संज्ञेच्या याच अपुरेपणातून बळ घेतो. याउलट, पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर झालेला रक्तस्राव 'पाळी परत आली' म्हणून सोडून देणे धोक्याचे. कर्करोगाची शंका मनात धरून त्याची तपासणी झालीच पाहिजे.

गणनेतही हीच त्रुटी दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) स्त्रियांची मुलाखत १५ ते ४९ या वयोगटापुरतीच होती. म्हणजे पन्नाशी गाठताच स्त्री या मुलाखतीच्या कक्षेबाहेर जाते, आणि नेमक्या त्याच काळात तिची हाडे ठिसूळ होऊ लागतात. मोजणाऱ्यांच्या लेखीही ती 'निवृत्त'च होते.

याच किनाऱ्यावर उपायाची एक दिशा पूर्वी दाखविली गेली आहे. अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात डॉ. नोशिर अँटिया यांच्या प्रेरणेने १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगात गावातल्याच, अल्पशिक्षित स्त्रियांनी प्राथमिक आरोग्याचे काम समर्थपणे पेलले. पाळी जाण्याविषयीचा पहिला प्रश्न बाईने बाईला, तिच्याच बोलीत विचारावा लागतो. ते काम आज आशा कार्यकर्तीकडून करून घेता येईल. मात्र त्यासाठी 'पाळी कधी गेली' एवढे विचारून भागणार नाही. 'त्यानंतर काय सुरू झाले' हा प्रश्न तिच्या नोंदवहीत आला पाहिजे.