सर्पगंधा ते डोपामाइन : औषधशास्त्र विभागातील मेंदूसंशोधन व प्रशिक्षणाची चिकित्सा

प्रस्तावना

औषधशास्त्र विभागांतील मेंदूविषयक संशोधनाची चर्चा आपल्याकडे बहुधा निधी व उपकरणे यांपाशी थांबते. मूळ उणीव प्रशिक्षणाची आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन

सर्पगंधेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व उच्च रक्तदाब यांवरील तिचा गुण नोंदविला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेझर्पिन वेगळे केले. हे द्रव्य मेंदूत नेमके काय करते, याचा उलगडा मात्र परदेशात झाला.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठात औषधशास्त्राचे अध्यापन करणारे अर्विद कार्लसन अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत काही महिने राहून सूक्ष्म प्रमाणातील रसायने मोजण्याचे तंत्र शिकले. १९५७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखविले की, रेझर्पिनमुळे निश्चल झालेले ससे डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात. डोपामाइनचे कार्य व कंपवाताचा उपचार यांची दिशा येथून स्पष्ट झाली. २००० मध्ये कार्लसन नोबेलचे सहमानकरी ठरले. यामुळे डॉ. वकील यांच्या कार्याला उणेपणा येत नाही. रुग्णाजवळचे निरीक्षण प्रयोगशाळेत पुढे नेणारे प्रशिक्षित हात मात्र येथे तयार झाले नव्हते.

उपकरणांविना हे शक्य नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. परंतु १९८७ मध्ये श्रीलंकेतील सेनानायके व करालियड्डे यांनी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांची विषबाधा झालेल्या अवघ्या दहा रुग्णांच्या अभ्यासातून, एक ते चार दिवसांनी मान व श्वसनाचे स्नायू दुबळे करणारी स्वतंत्र अवस्था जगापुढे मांडली. नेमके काय पाहावे, हे त्यांना ठाऊक होते.

समारोप

कापूस पिकविणाऱ्या बीड जिल्ह्याला ही विषबाधा अपरिचित नाही. आंबाजोगाई येथे १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. असा रुग्ण म्हणजे ॲसिटिलकोलीनचा जिवंत पाठ होय. तो औषधशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र व वैद्यकशास्त्र या विभागांनी एकत्र शिकवावा. पदव्युत्तर प्रबंध तपासताना औषधाने गुण आला का, एवढेच न पाहता तो कोणत्या मार्गाने आला हे शोधण्याची रीत विद्यार्थ्याला अवगत आहे का, हेही पाहिले जावे. अन्यथा निरीक्षण आपले आणि उलगडा इतरांचा, हीच परंपरा पुढे चालू राहील.