बुचाच्या फुलांचा वास टेबलात मावतो का?

दहिसरला आमच्या गल्लीत बुचाचं झाड आहे. साल बुचासारखी, म्हणून हे नाव. फुलं रात्री उमलतात, सकाळी खाली सडा. अशा फुलांवरच्या अनेक पेपरांत फुलं पाण्यात उकळून तेल काढतात, जीसी-एमएसच्या लायब्ररीने सुचवलेली नावं टेबलात मांडतात आणि त्यालाच सुगंध म्हणतात. मला हे पटत नाही. उकळताना काही रेणू बदलतात. शिवाय आलेखावर उंच शिखर म्हणजे जास्त वास, असंही नाही! खऱ्या बुचातलं ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल बघा ना: वाइनमध्ये लिटरमागे काही नॅनोग्रॅम, तरी अख्ख्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास. निदान ताज्या फुलाभोवतीची हवा फायबरवर पकडावी, आणि यंत्राशेजारी माणसाचं नाकही बसवावं. माझ्या दुसऱ्या चॅप्टरच्या टेबलात नाकाचा कॉलम अजून नाहीये. गाईडनी विचारायच्या आत घालतोय.